नऊ खुणा

नूर मोहम्मद कंपाउंडरला मी सहा वर्षं चारचौघांत नावं ठेवत होते. हलगर्जी माणूस, डोळे गेले होते तर घरी बसायचं, लोकांच्या पोरांशी खेळ कशाला, असं बरंच काही. मी हायस्कुलात शास्त्र शिकवते, तोंडाने फटकळ आहे आणि शब्दांची टंचाई मला कधी पडलेली नाही. पण त्या सहा वर्षांत एक गोष्ट मी कुणाजवळ बोलले नाही. ती आता लिहिते आहे. वाचून माझा राग आला तर खुशाल यावा, मला स्वतःलाही येतो.

भिवंडीत तीन बत्तीजवळ डॉक्टर खांबेट्यांचा दवाखाना होता आणि नूरचाचा तिथे सत्तावीस वर्षं कंपाउंडर होते. मूळचे निजामपुऱ्यातले, कोकणी मुसलमान. बुटके, अंगात पांढरा सदरा-लेंगा, नाकावर घसरणारा चष्मा. डॉक्टर तपासायचे, चिठ्ठी लिहायचे, पण लोकांचा खरा विश्वास त्या आतल्या छोट्या खिडकीवर. चिठ्ठी खिडकीतून आत जायची, बाटली बाहेर यायची, आणि मग बाया तिथेच उभ्या राहून विचारायच्या, "चाचा, डॉक्टर काय बोलले?" डॉक्टर काय बोलले ते डॉक्टरांसमोर बसून ऐकलेलं असायचं, तरी चाचांच्या तोंडून ऐकल्याशिवाय ते खरं वाटायचं नाही.

दवाखान्यात येणारे निम्मे लोक लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करणारे. कुणी आझमगडचा, कुणी तेलंगणातला. मराठी वाचता येत नाही, काहींना काहीच वाचता येत नाही. त्यांच्यासाठी चाचांची कागदी पट्टी होती. पांढऱ्या कागदाची घडी घालून कात्रीने दोन्ही कडांना कातरे मारायचे, उलगडली की पट्टीवर सारख्या अंतराने खुणा तयार. ती खळीने बाटलीला चिकटवायची. सकाळी एक खूण, दुपारी एक खूण. चमचा नको, वाचायला नको. कागदाच्या त्या कातऱ्यांवर अर्ध्या गावाची पोरं बरी झाली.

मला तर कशावरही शंका काढायची सवय. एकदा मी त्यांची बाटली शाळेच्या प्रयोगशाळेत नेली आणि मोजपात्रात खूण खूण ओतून बघितली. प्रत्येक खूण पाच मिलीलीटर, ना थेंब जास्त ना कमी. दुसऱ्या दिवशी मी त्यांना तसं सांगितलं, तर हसून म्हणाले, "बाई, परीक्षा घ्यायची व्हती तर आधी सांगायचं, मी अभ्यास केला असता." तेव्हापासून मी त्यांच्या बाटलीवर डोळे झाकून भरवसा ठेवायला लागले.

त्यांची आणखी एक पद्धत होती, आणि सगळं घडलं ते तिच्यातूनच. औषध कंपन्यांची माणसं डॉक्टरांना नमुन्याच्या छोट्या छोट्या बाटल्या फुकट देऊन जायची. खांबेटे त्या विकायचे नाहीत, एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं. त्या गरिबांना आणि ओळखीपाळखीच्यांना वाटल्या जायच्या. पण खोक्यातली ती प्लॅस्टिकची मापाची टोपणं कुणाला कळायची नाहीत, लोक कपभर पाजायचे. म्हणून चाचा तीन-चार छोट्या बाटल्या एका धुतलेल्या चपट्या बाटलीत ओतून घ्यायचे आणि वर आपली पट्टी लावायचे. बारा खुणांची साठ मिलीची बाटली. लोकांच्या सोयीसाठीच करायचे, आणि वर्षानुवर्षं त्यात कधी काही वावगं झालं नव्हतं.

एक्क्याण्णव सालचा फेब्रुवारी. माझी मुलगी तीन वर्षांची. तिचं नाव विद्युल्लता, माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आक्कांनी, हट्टाने ठेवलेलं. नाव एवढं भलंमोठं आणि वजन चौदा किलो. सोमवारी तिला ताप भरला, संध्याकाळी दवाखान्यात नेलं. घसा लाल आहे, दुसरं काही नाही, असं डॉक्टर म्हणाले. तापाचं सिरप, दिवसातून चारदा, एक एक खूण. खिडकीतून चाचांनी नवीकोरी भरलेली बाटली दिली आणि विद्युल्लतेच्या गालाला बोट लावून म्हणाले, "दोन दिवसांत नाचंल."

सोमवारी आम्ही दोनदा औषध दिलं, मंगळवारी चारदा. हे सगळ्यांना माहीत असलेलं. आता माझं एकटीचं सांगते.

बुधवारी आमच्या शाळेची तपासणी होती. शिक्षणाधिकारी यायचे होते, माझ्या वर्गाचा पाठ ठरला होता. घरात आधीच कुरबूर. पोर आजारी पडली की आक्कांचं एकच पालुपद, नोकरी सोड आणि पोर सांभाळ. माझे यजमान प्रभाकर तहसील कचेरीत कारकून, ते आईपुढे बोलायचे नाहीत आणि माझ्यावर मात्र भडकायचे. बुधवारी सकाळी पोरीला ताप असता तर मला घराबाहेर पडू देणार नव्हते, हे मला स्वच्छ दिसत होतं. मंगळवारी सकाळी औषध दिल्यावर ताप उतरला आणि दोन तासांत पुन्हा एकशे तीनवर गेला. मी आक्का अंघोळीला गेल्याचं बघून आणखी एक खूण पाजली. शाळेतून आल्यावर पुन्हा एक. आक्कांनी तासाभरापूर्वीच दिलं होतं हे मला ठाऊक होतं. दिवेलागणीला आणखी एक. तापाचंच तर औषध आहे, मी मनाशी म्हटलं, ते काय विष आहे? शास्त्राची शिक्षिका मी. मुलांना प्रमाण शिकवते, आणि माझ्या पोरीला औषध पाजताना मला एकदाही वाटलं नाही की प्रमाण म्हणून काही चीज असते.

ताप उतरला. मी खूश झाले.

बुधवारी सकाळी विद्युल्लतेला उलट्या सुरू झाल्या. दोन झाल्या, तिसरी झाली. अंग गार होतं, पण पोर मलूल, मान टाकून पडलेली. आक्का म्हणाल्या, पित्त झालंय. मी साडीला पिना लावत होते. हो, खरंच लावत होते, खोटं कशाला लिहू? माझं अर्धं लक्ष घड्याळाकडे होतं.

साडेआठला दार वाजलं. दारात नूरचाचा. सायकल रस्त्यातच आडवी टाकलेली, चष्म्यावर घाम, धड श्वास घेता येत नव्हता. सत्तावीस वर्षांत ते कुणाच्या घरी सकाळी असे आल्याचं मी ऐकलं नव्हतं.

"बाई, बाटली. आधी बाटली आणा."

मी बाटली आणली. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली आणि पट्टीवरून बोट फिरवलं. ओठ हलत होते. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. बाटलीत सहा खुणा उरायला हव्या होत्या आणि तीनच होत्या.

त्यांनी मला काही विचारलं नाही. "पोरगीला उचला," ते म्हणाले. "ठाण्याला न्हाय, सरळ मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात. टाइम न्हाय."

प्रभाकर आतून ओरडत आले. काय झालं, कसलं हॉस्पिटल? मग चाचांनी दारातच उभं राहून सांगितलं. गेल्या आठवड्यात नमुन्याचं जे खोकं आलं, ते सिरपचं नव्हतं. ड्रॉप्स होते, तान्ह्या बाळांचे. खोक्याचा रंग तोच, चित्र तेच, औषधाचं नाव तेच. सिरपच्या एका मिलीत पंचवीस मिलिग्रॅम औषध असतं, ड्रॉप्सच्या एका मिलीत शंभर. तान्ह्या बाळाला थेंबाथेंबाने द्यायचं म्हणून ते घट्ट करतात. चाचांनी नेहमीच्या सवयीने चार बाटल्या ओतल्या, पट्टी लावली, आणि आमच्या हातात ठेवली. आज सकाळी रिकाम्या बाटल्या भंगारात टाकायला काढल्या, तर टोपणांच्या जागी काचेचे चार ड्रॉपर निघाले.

"हात चालत व्हता," ते म्हणाले, "डोळं न्हवतं चालत. माझी चूक हाय, साहेब. माझीच हाय."

"डॉक्टरांना सांगितलंत?" प्रभाकरांनी विचारलं.

"सांगितलं. ते बोलले, तापाचं औषध हाय, काय होत न्हाय. उगाच बोंब मारू नकोस, दवाखान्याचं नाव जाईल."

आमच्या घरचे म्हणावेत असे डॉक्टर, दिवाळीला फराळाचं ताट जायचं त्यांच्याकडे. आणि माझं डोकं मात्र एकीकडे गणित करत होतं. माझ्या इच्छेविरुद्ध करत होतं. एक खूण म्हणजे सिरपच्या चार खुणा. नऊ चोक छत्तीस. दीड दिवसात माझ्या पोरीच्या पोटात छत्तीस खुणा गेल्या होत्या, आणि त्यातल्या बारा मी चोरून घातल्या होत्या.

समोरच्या लूमवाल्यांची जीप मिळाली. विद्युल्लता माझ्या मांडीवर, प्रभाकर पुढे, चाचा माझ्या शेजारी बाटली दोन्ही हातांनी धरून. कशेळीच्या पुलावर ट्रकांची रांग लागलेली, कापडाच्या गाठी भरलेल्या, एक हलेल तर शपथ. चाचा खाली उतरले आणि पंचावन्न वर्षांचा तो माणूस ट्रकांसमोर हात पसरून उभा राहिला, "बच्ची है, बच्ची है" असं ओरडत. वाट निघेपर्यंत अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासात मी काय करत होते ते शेवटी सांगते.

हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. नाडी बघता बघता त्यांनी मला विचारलं, "आई तुम्हीच ना? नक्की किती दिलं? अंदाज नको, नक्की आकडा सांगा."

मी प्रभाकरांकडे बघितलं. तोंड उघडलं.

"नऊ," चाचा मधेच बोलले. "पाच-पाच मिलीच्या नऊ खुणा. ड्रॉप्सच्या. सोमवार संध्याकाळपासून." आणि बाटली पुढे केली.

बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "दिवसाला चारच सांगितले होते ना? मग सहा व्हायला हवेत."

"मीच बोललो व्हतो यांना. ताप न्हाय उतरला तर मधे मधे आणखी द्या म्हणून."

प्रभाकरांनी त्यांची गचांडी धरली. सदऱ्याची वरची गुंडी तुटून पडली. वॉर्डबॉय मधे आले, कुणीतरी ओरडलं. चाचांनी हातसुद्धा वर केला नाही. आणि मी, जिची पोर त्या खाटेवर होती, मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि एक अक्षर बोलले नाही. मला धक्का कशाकशाचा बसला होता ते मी आजही नीट सांगू शकत नाही. औषधाचा, त्या माणसाचा, की माझ्या बंद तोंडाचा.

उतारा होता. नाकातून नळी घालून तो द्यायचा, सडक्या अंड्यांसारखा वास मारायचा. पोर प्रत्येक वेळी तडफडायची आणि मी तिचे पाय धरून बसायची. गुरुवारी रक्ताचा रिपोर्ट आला, लिव्हर सुजलं होतं. शुक्रवारी तिच्या डोळ्यांत पिवळेपणा उतरला. माझ्या पोरीच्या इवल्याशा डोळ्यांत हळद. ते बघून मी जमिनीवर बसले, मला उठवायला दोघीजणी लागल्या.

डॉक्टरीणबाईंनी मला शांतपणे समजावलं, आणि तेव्हा मला कळलं की मला काहीच माहीत नव्हतं. हे औषध बेताने दिलं तर याच्याइतकं साधं औषध नाही. पण प्रमाण वयावर नाही, वजनावर ठरतं. दोन वेळांत चार ते सहा तास हवेत, दिवसात चारदा, त्यावर नाही. ताप पुन्हा चढला म्हणून मधे द्यायचं नाही, अंग पुसायचं, पाणी पाजायचं, डॉक्टरला दाखवायचं. जास्त झालं की ते लिव्हर खातं, आणि दगा असा की पहिले एक-दोन दिवस पोर बरं दिसतं, नुसत्या उलट्या होतात. डोळे पिवळे होईपर्यंत वाट बघितली तर उताऱ्याचा फारसा उपयोग राहत नाही.

"कुणी सांगितलं नसतं तर आम्ही साधी कावीळ म्हणून धरून चाललो असतो," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही सहा खुणा म्हणाला असता तर मी कदाचित घरी पाठवून लक्ष ठेवा म्हटलं असतं. नऊ ऐकल्यावर मी थांबले नाही."

अकराव्या दिवशी विद्युल्लता चालत घरी आली.

खांबेट्यांनी चाचांना त्याच आठवड्यात काढलं होतं. वर गावभर सांगितलं की म्हाताऱ्याने परस्पर डोस वाढवला, मी तर चारदाच लिहिलं होतं. प्रभाकर पोलिसांत जाणार होते, मीच अडवलं. लोकांना वाटलं, केवढं मोठं मन बाईचं! मी पोलिसांना घाबरले होते. चौकशीत कुणी मला विचारलं असतं तर? आणि मग गल्लीत, शाळेत, हळदीकुंकवाला, जिथे विषय निघेल तिथे मी सगळ्यांच्या आधी त्यांना शिव्या द्यायला लागले. माझा आवाज मोठा असला की दुसरा कुणी काही विचारत नाही, हे मला लवकर कळलं.

चाचा अंजूरला एका गोदामात गाठी मोजायच्या कामाला लागले. पण संध्याकाळी निजामपुऱ्यात स्वतःच्या घराच्या ओट्यावर बसायचे आणि बाया बाटल्या घेऊन यायच्या. हे मला माझ्या विद्यार्थिनींकडून कळत होतं. ते औषध देत नाहीत, फक्त वाचून दाखवतात. हे सिरप, हे ड्रॉप्स, एकाचं माप दुसऱ्याला नाही. या दोन बाटल्यांवर नावं वेगळी आहेत पण आत एकच आहे, दोन्ही देऊ नका. सासू देते, आई देते, नणंद देते, असं चालायचं नाही, एकाच माणसाने द्यायचं. त्यांची बायको खुर्शीद चिडायची म्हणे, एवढं होऊन अजून तुमचा औषधांचा नाद सुटत नाही! ते तिला म्हणायचे, मी देतो कुठं, मी वाचतो फक्त.

सत्त्याण्णव साली आक्का गेल्या. त्याच पावसाळ्यात विद्युल्लतेला ताप आला. नऊ वर्षांची होती. एका डॉक्टरने एक औषध दिलं, शाळेजवळच्या दुसऱ्याने दुसरं. मी दोन्ही बाटल्या समोर ठेवून बसले. वाचता येत होतं, अक्षर अक्षर कळत होतं, तरी देववेना. मग पिशवी उचलली आणि भरदुपारी निजामपुऱ्यात गेले.

चाचा थकले होते. मला बघून उठून उभे राहिले. "बाई? पोरगी कशी हाय?"

मी बाटल्या दिल्या. त्यांनी दोन्ही डोळ्यांजवळ नेऊन वाचल्या, लेबल बोटाने पुसून पुन्हा वाचल्या. "दोन्ही एकच हाय. एक ठेवा, एक बाजूला. वजन किती?" मी सांगितलं. "ह्या मापाने डॉक्टरांनी लिहिलंय ते बरोबर. चारदा. बस."

मी बाटल्या पिशवीत घातल्या. पण निघाले नाही. सहा वर्षं जे बोलले नव्हते ते बोलले.

"चाचा, त्या वरच्या तीन खुणा मी दिल्या होत्या. कुणाला न सांगता."

"मालूम हाय," ते म्हणाले. "खिडकीत बाटली धरली तेव्हाच कळलं."

मी रडायला लागले. त्यांनी माझ्यासाठी केवढं केलं, आपल्या अंगावर घेतलं, माझा संसार सांभाळला, आणि मी त्यांना गावभर बदनाम केलं, असं काहीबाही बोलत राहिले. त्यांनी मला बोलू दिलं. मग चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"तुमच्यासाठी न्हाय केलं, बाई. रागावू नका. डॉक्टरीणबाईंनी तुम्हाला विचारलं आणि तुम्ही साहेबांकडं बघितलं. मला वाटलं, आता ही बाई बोलणार, सहा दिले, बाकी सांडलं. तुम्ही सहा बोलला असता तर इलाज कमी पडला असता. मला आकडा बरोबर पायजे व्हता. तो तुमच्या तोंडून येणार न्हाय असं वाटलं, म्हणून मी बोललो."

कशेळीच्या पुलावर ते ट्रकांसमोर हात पसरून उभे होते, तेव्हा जीपमध्ये बसून मी तेच वाक्य मनात घोकत होते. "सहा दिले, बाकीचं सांडलं." शब्दसुद्धा तेच. पोर मांडीवर होती माझ्या, आणि मी ते पाठ केलं होतं.